एनडीए खडकवासल्यालाच का?

सिंहगडाच्या उत्तर कड्यावर उभं राहिलं की खाली खडकवासल्याचं पाणी दिसतं आणि पाण्यापलीकडे गर्द झाडीचा एक लांबरुंद पट्टा. चहूबाजूंनी पुणे वाढलं, शिवण्यापासून धायरीपर्यंत इमारती उभ्या राहिल्या, तो पट्टा मात्र तसाच आहे. ती राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजेच आपली एनडीए. आणि ज्या कड्यावर आपण उभे आहोत, त्या गडाशी तिचं रोजचं नातं आहे. प्रबोधिनीत शिस्तीत चूक झाली तर मिळणाऱ्या शिक्षांपैकी एक म्हणजे ‘सिंहगड हाइक’. रविवारी इतर जण सुट्टीवर असताना शिक्षा झालेल्या कॅडेटनं गडापर्यंत पायपीट करून परत यायचं.

गडावर नेलेल्या शाळकरी मुलांना हे सांगितलं की त्यांच्यातलं कुणी ना कुणी हमखास विचारतं, “इथे तर समुद्रच नाही, मग नौदलाचं शिक्षण इथे कसं?” प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर शोधताना आधी एका नकली जहाजाशी पोचावं लागतं, मग साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका रात्रीशी, आणि शेवटी एका धरणाशी.

आधी, ही संस्था नेमकी काय आहे?

पुष्कळांना एनडीए म्हणजे सैन्याचं कॉलेज एवढंच माहीत असतं. बारावीनंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची, मग एसएसबी म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, वैद्यकीय तपासणी, आणि त्यातून निवड झालेल्यांनी तीन वर्षं इथे राहायचं. सहा-सहा महिन्यांच्या सहा टर्म. पहाटेपासून ड्रिल, व्यायाम, पोहणं, घोडेस्वारी आणि त्याच्या जोडीला पदवीचा अभ्यास. पदवी मिळते ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. म्हणजे काटेकोर बोलायचं तर एनडीए स्वतः विद्यापीठ नाही. गंमत अशी की याच पाण्याच्या दुसऱ्या काठाला, गिरीनगरला, संरक्षण खात्याचं खरंखुरं अभिमत विद्यापीठ आहे. ‘डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी’ ही ती संस्था. १९५२ मध्ये ती खडकीला शस्त्रास्त्रांच्या अभ्यासासाठी सुरू झाली, १९६७ मध्ये गिरीनगरला आली आणि २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एका काठावर लढणारे अधिकारी घडतात आणि दुसऱ्या काठावर शस्त्रांचं तंत्रज्ञान शिकवलं जातं. मधे तळं.

एनडीएचं वेगळेपण पदवीत नाही, ते एकत्र राहण्यात आहे. पायदळात जाणारा, नौदलात जाणारा आणि हवाई दलात जाणारा अशी तिन्ही मुलं एकाच स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे कॅडेटांच्या एकाच गटात, एकाच जेवणघरात, एकाच मैदानावर असतात. तीन वर्षांनंतर वाटा फुटतात. लष्कराचे कॅडेट डेहराडूनला जातात, नौदलाचे केरळातल्या एळीमलाला आणि हवाई दलाचे हैदराबादजवळच्या दुंडीगलला. पण ‘कोर्समेट’ हा शब्द आयुष्यभर टिकतो. वीस वर्षांनी सीमेवरच्या ब्रिगेडला विमानांची मदत हवी असते, तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला कदाचित तोच असतो, ज्याच्या शेजारच्या खाटेवर आपण झोपत होतो.

हा विचार दुसऱ्या महायुद्धानं शिकवला. त्या युद्धातल्या मोठ्या मोहिमांमध्ये जहाजांनी सैन्य किनाऱ्याशी न्यायचं, विमानांनी वरून छत्र धरायचं आणि पायदळानं वाळूत उतरायचं, अशी तिघांची कामं एकमेकांत गुंतलेली होती. एकानं वेळ चुकवली की बाकीच्यांचे जीव जात. तोवर जगभर अधिकाऱ्यांचं शिक्षण बहुतेक ठिकाणी दलागणिक वेगळं होतं. भारतातही १९३२ पासून डेहराडूनची अकादमी होती, पण ती भूदलापुरती. १९४५ मध्ये सरसेनापती फील्ड मार्शल क्लॉड ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिन्ही दलांच्या मुलांना सुरुवातीपासून एकत्र शिकवावं, असं तिनं सुचवलं. स्वातंत्र्यानंतर हे काम थांबलं नाही. १ जानेवारी १९४९ ला डेहराडूनच्या क्लेमेंट टाउनमध्ये तात्पुरत्या जागेत संयुक्त शिक्षण सुरूही झालं. त्या पहिल्याच तुकडीतले तिघं पुढे एकाच काळात तिन्ही दलांचे प्रमुख झाले : भूदलाचे जनरल सुनीत रॉड्रिग्ज, नौदलाचे ॲडमिरल रामदास आणि हवाई दलाचे एअर चीफ मार्शल सुरी. समितीनं मांडलेला विचार खरा ठरला का, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

नकली जहाज

आता कायमची जागा शोधायची होती. तिन्ही दलांची मुलं म्हणजे डोंगर हवा, विमानतळ जवळ हवा आणि पाणी हवं. पुण्याजवळ लोहगावचा विमानतळ होता. खडकी, पुणे कॅम्प इथे लष्कराच्या संस्था होत्या. मुंबईचा समुद्र फार लांब नव्हता. आणि खडकवासल्याच्या तळ्याच्या उत्तर काठावर एक विचित्र गोष्ट आधीपासून होती. तिचं नाव ‘एचएमएस अँगोस्टुरा’, पण ते जहाज नव्हतं. महायुद्धाच्या काळात सैनिकांना समुद्रावरून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव देण्यासाठी उभारलेला तो जहाजाचा नकली सांगाडा होता. जहाजातून होड्यांमध्ये, होड्यांमधून काठावर, असा सराव सह्याद्रीच्या पोटातल्या या गोड्या पाण्यात चालायचा.

मुलांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. समुद्र नव्हता, पण एनडीए येण्याआधीच या पाण्यानं समुद्राचं काम केलेलं होतं. आजही प्रबोधिनीचं शिडांच्या होड्यांचं आणि वल्हवण्याचं शिक्षण याच जलाशयात, ‘पीकॉक बे’ नावाच्या खाडीसारख्या भागात चालतं. वारा ओळखणं, दोर बांधणं, सोबतच्या गड्यावर भरवसा ठेवणं या गोष्टी शिकायला पाणी खारट असावं लागत नाही.

मुंबई सरकारनं हजारो एकर जमीन दिली. आज प्रबोधिनीचा परिसर सात हजार एकरांवर आहे. ही जमीन काही निर्मनुष्य नव्हती. कुडजे, अहिरे, कोंढवे-धावडे, शिवणे ही मुठेकाठची जुनी गावं याच पट्ट्यातली. या संस्थेचा अभिमान बाळगताना ती कुणाच्या शेताच्या शेजारी आणि कुणाच्या जमिनीवर उभी आहे, हेही आपल्याला माहीत असायला हवं. ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि जानेवारी १९५५ मध्ये प्रबोधिनीचं रीतसर उद्घाटन झालं.

मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात, तेही इथल्या मुलांना कोडं वाटतं. महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिक सुदानच्या रक्षणासाठी लढले आणि मेले. त्यांच्या स्मरणार्थ सुदाननं १ लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले ७० हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या इमारतीसाठी वापरले गेले. आफ्रिकेत पडलेल्या जवानांच्या नावानं आलेला पैसा पुढच्या पिढीच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाला लागला.

डोंगराची गोष्ट

जागा निवडताना डोंगर हवा होता, असं वर म्हटलं. पण हा डोंगर नुसता चढायला चांगला आहे म्हणून महत्त्वाचा नाही. त्याला युद्धशास्त्रात एक जागा आहे, आणि ती समजून घ्यायला थोडा भूगोल लागतो.

सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण जाते. तिला पूर्वेकडे फाटे फुटतात. त्यातला एक फाटा पुण्याच्या दक्षिणेनं भुलेश्वराकडे जातो आणि सिंहगड या फाट्याच्या धारेवर बसलेला आहे. पाऊस पडला की गडाच्या उत्तरेचं पाणी मुठेला मिळतं आणि दक्षिणेचं शिवगंगा, गुंजवणी करत नीरेला. म्हणजे गड पाणलोटाच्या शिवेवर आहे. उत्तरेला पुण्याची सपाटी, दक्षिणेला राजगड-तोरण्याचं अवघड मावळ. समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर उंचीवरून दोन्ही बाजूंवर नजर ठेवता येते. ज्याच्या ताब्यात सिंहगड, त्याला पुण्यातली हालचाल दिसते. आणि ज्याला पुण्याकडून मावळात घुसायचं आहे, त्याच्या पाठीशी हा गड कायम धोंड म्हणून उभा राहतो. आजचे ट्रेकर सिंहगड, राजगड, तोरणा एका दमात करतात. त्या वाटेनं एकदा गेलं की हे तीन गड एकमेकांना कसे बांधलेले आहेत, हे पाय सांगतात.

म्हणूनच हा किल्ला सतत सौद्यात आणि तहात आलेला दिसतो. १६४९ मध्ये शहाजीराजांच्या सुटकेसाठी आदिलशहानं जे मागितलं, त्यात कोंढाणा, म्हणजे हाच सिंहगड, होता. बापाच्या जिवाच्या बदल्यात मागावा, एवढी त्याची किंमत होती. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला आणि रातोरात सिंहगडाचा आसरा घेतला. शत्रूच्या लाखभर म्हणवल्या जाणाऱ्या छावणीत शिरायचं धाडस करता आलं, ते परत फिरायला इतक्या जवळ भक्कम जागा होती म्हणून. छाप्याच्या शौर्याबद्दल आपण खूप बोलतो. परतीच्या वाटेचा विचार कमी होतो, आणि माझ्या मते सैनिकी दृष्टीनं तोच जास्त शिकण्यासारखा आहे. मोगलांनाही ते उमगलं असावं. त्याच वर्षाच्या अखेरीला जसवंतसिंह सिंहगडाला वेढा घालून बसला आणि १६६४ च्या उन्हाळ्यात हात हलवत परत गेला.

पुढच्याच वर्षी, जून १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. त्यात हाही गेला. वेढ्यानं मिळाला नव्हता तो तहानं गेला. मग ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. तानाजी मालुसरे, समोर मोगलांचा किल्लेदार उदयभान राठोड, आणि सरळ कड्यावरून चढाई. ही कथा प्रत्येक मराठी घरात आहे, ती पुन्हा सांगत नाही. तिच्यातलं डावपेचाचं सूत्र मात्र सांगायला हवं. किल्ल्याची ताकद त्याच्या दरवाजांशी आणि तटाशी एकवटलेली असते. जिथून कुणी येणार नाही असं वाटतं, तिथे पहारा विरळ असतो. तानाजीनं डोंगराची सर्वांत अवघड बाजू निवडली, कारण लढाईच्या हिशोबात तीच सर्वांत सोपी होती. जगातल्या कुठल्याही लष्करी शाळेत शिकवावा असा हा धडा, आणि इथल्या कॅडेटला तो गड रोज समोर दिसतो.

‘गड आला पण सिंह गेला’ म्हणून सिंहगड हे नाव पडलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण १६६३ च्या पत्रातच सिंहगड हे नाव आलेलं आहे. त्यानं तानाजीचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. कोंढाण्याला सिंहाचं नाव आधीपासून होतं आणि तानाजी त्या नावाला जागला, असं मला वाटतं.

पुढचं झटपट. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांनी याच गडावर देह ठेवला. १७०३ मध्ये औरंगजेबानं गड घेतला आणि त्याला ‘बक्षिंदाबक्ष’ असं नाव दिलं. थोड्याच काळात मराठ्यांनी तो परत मिळवला. पेशवाईत पुणे राजधानीसारखं वाढलं आणि गडाचं काम बदललं. तो पुण्याची तिजोरी आणि आडोसा झाला. १७६३ मध्ये निजामाच्या फौजा पुण्यावर चालून आल्या, तेव्हा पेशव्यांचं कुटुंब आणि दप्तर सिंहगडाकडे हलवलं गेलं.

पुणे लष्करी शहर कसं झालं

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. बापू गोखल्यांच्या फौजेला इंग्रजांना हटवता आलं नाही, आणि दोन आठवड्यांच्या आत पुणे पडलं. २ मार्च १८१८ ला सिंहगडही. पण इंग्रज इथून हलले नाहीत. मराठ्यांची राजधानी जिंकली म्हणजे तिच्यावर पहारा ठेवणं आलं. त्यातून खडकी आणि पुणे इथे छावण्या बसल्या. छावणी म्हटली की दारूगोळा, इस्पितळ, घोड्यांच्या पागा, सॅपर्स म्हणजे लष्करी अभियंते, रस्ते हे सगळं ओघानं येतं. पुढे खडकीत दारूगोळ्याचा कारखाना झाला, दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात आलं, स्वातंत्र्याच्या आसपास सैनिकी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं आली. एनडीएसाठी पुण्याची बाजू भक्कम ठरली ती याच साठ्यामुळे. मुळात मराठ्यांवर वचक ठेवायला बसवलेल्या छावणीच्या शेजारी स्वतंत्र भारतानं आपले अधिकारी घडवायला घेतले.

या साखळीतली एक कडी मला फार हलवून जाते. जून १८१७ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर पुण्याचा करार लादला. त्यानुसार पेशव्याच्या खर्चानं जे घोडदळ उभं राहिलं, त्यातून ‘पूना हॉर्स’ ही पलटण निघाली. दीडशे वर्षांनी तीच पलटण भारताच्या रणगाडा दलात होती. १९७१ च्या जूनमध्ये तिच्यात एक नवा अधिकारी दाखल झाला. पुण्यात जन्मलेला, खडकवासल्याला शिकलेला अरुण खेत्रपाल. १६ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानविरुद्धच्या बसंतरच्या लढाईत जळत्या रणगाड्यातून बाहेर न पडता तो लढत राहिला आणि तिथेच गेला. वय २१. परमवीर चक्र मरणोत्तर. प्रबोधिनीत ‘हट ऑफ रिमेंबरन्स’ नावाचं एक साधं स्मारक आहे, रणात पडलेल्या माजी कॅडेटांचं.

आणि पाणी

खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं. कॅप्टन फाइफ या इंजिनिअरची ती योजना, म्हणून इंग्रज या तळ्याला ‘लेक फाइफ’ म्हणत. देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या दगडी धरणांपैकी हे एक. पुण्याला आणि छावणीला पाणी, आणि खालच्या शेतीला कालवा, अशी त्याची कामं. छावणीला भरवशाचं पाणी ही लष्करी गरजच असते. किल्ल्यावर टाकी खोदतात, सपाटीवर धरण बांधतात. १९०३ च्या सुमाराला विश्वेश्वरय्यांनी इथे आपोआप उघडणारी दारं बसवली. भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायची ती युक्ती होती, आणि ती पहिल्यांदा वापरली गेली ती इथेच.

१२ जुलै १९६१. आदल्या रात्री जवान वरच्या अंगाच्या पानशेत धरणाच्या मातीच्या भिंतीवर वाळूची पोती रचत होते. सकाळी ती भिंत फुटली आणि आंबी नदीतून आलेला लोंढा खडकवासल्यावर आदळला. जुनं दगडी धरण काही तास तगलं, मग तेही फुटलं. त्या काही तासांत किती पुणेकर उंचावर पोचू शकले, याचा विचार केला तर त्या जुन्या भिंतीविषयी कृतज्ञता वाटते. नदीकाठचं पुणे उद्ध्वस्त झालं. ज्या तळ्यासाठी प्रबोधिनी इथे आली, ते तळंही रिकामं झालं. धरण पुन्हा बांधलं गेलं, तेव्हा कुठे शिडं परत आली.

वरच्या अंगाला नंतर भरलेल्या जलाशयांची नावं पाहा. पानशेतचा तो तानाजीसागर. वरसगावच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव, जे याच मोसे खोऱ्यातले. पुणेकर सकाळी नळ सोडतो तेव्हा या दोन लढवय्यांच्या नावाचं पाणी येतं. प्रबोधिनीच्या मैदानी शिबिरांपैकी एकाचं नावही ‘कॅम्प तोरणा’ आहे. ज्या भागात महाराजांनी मावळ्यांना सोबत घेऊन रान पायाखाली घातलं, त्याच डोंगरांत पाठीवर बोजा घेऊन, नकाशा हातात धरून देशभरातून आलेली मुलं रात्री वाट शोधतात.

आता मुलीही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ मध्ये पहिल्या मुली इथे आल्या आणि ३० मे २०२५ च्या पासिंग आउट परेडमध्ये त्यांच्यातल्या १७ जणी बाहेर पडल्या. त्यांनीही तीच मैदानं, तेच डोंगर आणि तेच पाणी तीन वर्षं अनुभवलं.

प्रबोधिनीत सहज जाता येत नाही, तो लष्करी भाग आहे. पण सिंहगडाच्या रस्त्यानं जाताना धरणाच्या पुढे उजव्या हाताला पाणी लागतं. तिथे कणीस घेऊन कठड्याशी थांबा. पलीकडचा झाडीचा काठ तो एनडीएचा. पाठीमागे मान वळवली की सिंहगड. मुलं सोबत असतील तर त्यांना दोन्हींच्या मधे उभं करा आणि त्यांचे प्रश्न येऊ द्या.